बी.एड. झालंय, संस्था पैसे मागतेय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.एससी. (गणित), बी.एड. आहे. शेजारच्या तालुक्यातली एक संस्था म्हणते, जागा आहे, लगेच हजर व्हा. पण 'विकास निधी' द्यावा लागेल. शाळा अंशतः अनुदानित आहे. घरचे शेत गहाण ठेवायला तयार आहेत. काय करू?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : शेत गहाण ठेवू नका. अनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांची शिक्षकभरती आता पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून होते (अल्पसंख्याक संस्थांचं वेगळं). पोर्टल टाळून ऑर्डर मिळते, मस्टरवर सहीही सुरू होते, पण सरकारी पगार नुसत्या ऑर्डरवर निघत नाही. त्याला आधी माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक. घोडं अडतं ते मान्यतेवरच. 'प्रस्ताव पाठवलाय' हे ऐकत वर्षं जातात आणि दिलेल्या पैशांची पावती, असलीच तर, देणगीची असते. कुणी मागच्या तारखेची ऑर्डर देऊ केली तर तिथून सरळ उठा. बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा २०२५ मध्ये नागपूर विभागात उघड झाला, तेव्हा चौकशीची झळ शिक्षकांनाही बसली.

संस्था खरं बोलतेय का, ते कागदावर बघा. चालू संचमान्यतेत (शाळेला किती पदं मंजूर, त्याचा सरकारी कागद) पद मंजूर आणि रिक्त हवं, मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या बिंदुनामावलीत (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं, त्याचा तक्ता) ते तुमच्या प्रवर्गात बसायला हवं आणि जाहिरात पोर्टलवर दिसायला हवी. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

तुमचा खरा रस्ता टेटचा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा. नववी-दहावीसाठी तीच लागते. प्रश्न २००, वेळ १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यातले १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. पास-नापास नाही, गुणानुक्रम चालतो. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची दोन मिनिटं उरलेल्या प्रश्नांची उत्तरं निवडायला राखा. गणितवाले बुद्धिमत्तेत पुढे असतात आणि इंग्रजी-मराठीच्या प्रश्नांत मार खातात. सराव तिथे वाढवा.

नंतर पोर्टलवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःच्या माहितीचा अर्ज, भरताना घाई नको. पदवीचा विषय, प्रवर्ग, माध्यम यांपैकी एक जरी चुकलं तरी चांगले गुण असूनही कागदपत्र पडताळणीत बाद व्हाल. पसंतीक्रमात नको असलेलं गाव वर टाकू नका. वरच्या पसंतीला शिफारस झाली की खालच्या जागांचा विचार होत नाही. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधनावर. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : बी.ए., बी.एड. आहे. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर १ पास झालो. जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीला चालेल ना?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना डी.एल.एड. ही पदविका हवी. तुमच्यासाठी सहावी ते आठवी, म्हणजे पेपर २. त्यात १५० पैकी ९० गुण, मागास प्रवर्गांना ५५ टक्के. अर्ज भरताना सामाजिक शास्त्राचा गट निवडा. ६० गुण त्याचेच आहेत. बालमानसशास्त्राची पेपर १ ची तयारी इथेही कामाला येते.

प्रश्न : शहाद्याकडे एकलव्य निवासी शाळा बऱ्या की आश्रमशाळा?
– एक वाचक, शहादा

उत्तर : एकलव्य या आदिवासी मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शाळा. त्यांची भरती केंद्रीय परीक्षेतून होते आणि नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे, त्यामुळे वर्ग इंग्रजी-हिंदीतून घेण्याची तयारी हवी. शासकीय आश्रमशाळांचं काम आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे असतं. तुम्हाला नंदुरबार आणि तळोदा ही दोन जवळची. नोकरी निवासी आहे, संध्याकाळच्या अभ्यासिकेची जबाबदारीही अंगावर येऊ शकते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात पावरी किंवा भिली बोली येत असेल तर पहिल्या दिवसापासून वर्ग तुमच्या हातात राहतो. तुम्ही स्थानिक अनुसूचित जमातीचे असाल तर पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) जाहिराती वेगळ्या बघा आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाका.