नॉर्वेतून बोटीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचे वंशज कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. सासूबाईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणी बोटीवर गेला, परत आला नाही, आडनाव ओल्सेन, आणि अमेरिकेला गेलेल्यांच्या याद्या दोन महिने चाळूनही पत्ता नाही. मी अगदी इथेच अडकले होते. माझं सासर नॉर्वेच्या दक्षिण टोकाचं, फारसुंदजवळच्या लिस्ताचं. नवऱ्याच्या पणजोबांचा भाऊ असाच गेलेला.

तो त्या याद्यांत सापडणं कठीणच. नॉर्वेतल्या पोलिसांनी १८६७ पासून देश सोडणाऱ्यांची नावं लिहून ठेवली, पण ती तिकीट काढून जाणाऱ्यांची. हा तर नोकरीवर निघाला होता. परक्या बंदरात एका रात्री बोचकं उचलून बोटीवरून उतरला, की झाला परदेशी. त्याला प्रवाशांत शोधू नका, खलाशांत शोधा.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात खलाशांची नोंदवही असे, तिला श्योमान्सरुल्ले म्हणतात. कोण कुठल्या बोटीवर गेला, कधी परतला, सगळं त्यात. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटलआर्किव्हेट या संकेतस्थळावर अशा बऱ्याच वह्या फुकट बघायला मिळतात. अक्षर मात्र जुन्या गॉथिक वळणाचं. आपल्याकडच्या मोडीसारखंच, आठवडाभर डोळे फोडले की वाचता येऊ लागतं. आमच्या माणसाच्या ओळीत शेवटी ‘र्‍योम्त’ एवढाच शब्द होता, म्हणजे पळाला. पुढे बंदर न्यूकॅसल, आणि त्याच्याही पुढे मुंगीएवढ्या अक्षरांत एन. एस. डब्ल्यू. न्यू साउथ वेल्स! घरात तीन पिढ्या ‘न्यूकॅसल’ ऐकत आल्या होत्या आणि सगळ्यांनी ते इंग्लंडमधलं धरलं होतं. नवऱ्याचे एक काका तर तिथल्या दफनभूम्या पालथ्या घालून आले होते. ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल हे कोळशाचं बंदर. नॉर्वेची शिडाची जहाजं तिथून कोळसा भरून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायची.

आता आडनाव. ओल्सेन म्हणजे नुसतं ‘ओलेचा मुलगा’. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, तसंच, फक्त ते शेवटी. त्याला जोडून शेतवाडीचं नाव यायचं, आणि घर बदललं की तेही बदलायचं. म्हणजे चिपळूणकर गुहागरला राहायला गेले की गुहागरकर! कायमचं आडनाव हवंच असा कायदा थेट १९२३ मध्ये आला. तेव्हा वाडीचं नाव, गावची चर्च, बाप्तिस्म्याची तारीख आणि आईचं नाव हे चार धागे आधी पक्के करा. १८६५, १९०० आणि १९१० च्या जनगणना त्याच संकेतस्थळावर आहेत.

आईचं नाव मुद्दाम सांगतेय. मी मेलबर्नमधल्या एका ओल्सेनच्या मागे वर्ष घालवलं. नाव तेच, वय तेच, वडील ओले. (अहो, ओल्सेनचे वडील ओलेच असणार! हे मला वर्षभर सुचलं नाही.) शेवटी पैसे भरून त्याचा मृत्यूचा दाखला मागवला तर आई योहाना. आमची गुनहिल्ड. भलत्याच माणसाचं गोत्र पाठ करून बसले होते.

पण ऑस्ट्रेलियातले हे दाखले म्हणजे सोनं. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या दाखल्यांवर बहुधा आईवडील, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षं काढली आणि मुलांची नावं वयांसकट मिळतात. माहिती देणारा जावई असेल तर चुकाही तितक्याच. न्यू साउथ वेल्सची सूची ऑनलाइन फुकट आहे, पण मृत्यूची नोंद ३० वर्षांनी, लग्नाची ५० आणि जन्माची १०० वर्षांनी खुली होते. १९०४ पासूनचे नागरिकत्वाचे अर्ज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यांत कुठल्या बोटीने आलो हेही लिहिलेलं असतं. पळून आलेले तिथे थापा मारत, हे धरून चाला. राष्ट्रीयत्व ‘स्वीडिश’ दिसलं तरी लगेच सोडून देऊ नका, १९०५ पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता.

अमेरिकेची बाजू मी स्वतः फारशी केलेली नाही. फारसुंद-लिस्ताकडचे पुष्कळ लोक न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला गेले, तेव्हा सुरुवात तिथून करा. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत देशात कोणत्या वर्षी आला हे विचारलेलं आहे. १८९० ची मात्र जवळपास सगळी नष्ट झाली.

कुठल्या देशात गेला हेच माहीत नसेल तर त्याच्या आईवडिलांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद बघा, नॉर्वेत तिला शिफ्ते म्हणतात. परदेशातला मुलगाही वारस असल्याने तो कुठे आहे हे कारकून बऱ्याचदा लिहून ठेवी.

वंशज हाती लागतात ते मुलींच्या वाटेने, आणि तिथे आडनाव तुटतं. ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रं फुकट आहेत. त्यातल्या निधनवार्तेत ‘श्रीमती अमुक यांचे वडील’ असं असतं, तोच पुढचा दुवा. डीएनए चाचणी करायचीच तर तुमच्या नवऱ्याची नको, सासूबाईंची करा. एक पिढी वर गेलं की जुळणी ठळक येते.

पत्ता मिळाला की कागदावर पत्र लिहा, सोबत बाप्तिस्म्याच्या पानाची प्रत जोडा, आणि पहिल्याच ओळीत सांगून टाका की जमीनजुमल्याचा काही विषय नाही. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात हे वाक्य घातलं, तर तीन आठवड्यांत त्याच्या नातीचा फोन. त्यांच्या घरी आजोबा डॅनिश म्हणून प्रसिद्ध होते.

तर आज सासूबाईंना त्यांच्या पणजीचं, म्हणजे त्या खलाशाच्या आईचं, नाव विचारून ठेवा. ते आणि चर्चचं गाव कळलं की नोंदवहीतली ओळ लावायला मी मदत करीन.