एका दिवसात फोर्टची वारसा-फेरी: सीएसएमटीपासून सुरुवात करू नका

तुम्ही विचारलंय की नागपूरहून सकाळी पोहोचणाऱ्या गाडीने मुंबईत सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) उतरून, नवरा-बायको दोघांनी दिवसभर फोर्ट पायी बघून रात्रीच्याच गाडीने परतायचं, तर क्रम कसा लावावा. बहुतेक जण स्टेशनातून बाहेर पडून तिथूनच चालायला लागतात आणि संध्याकाळी गेटवेच्या गर्दीत पोहोचतात. तुम्ही उलटं करा. सकाळी गेटवे, रात्री सीएसएमटी. कारण उन्हाचं आहे. सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या सगळ्यांची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. सकाळी ती सावलीत असते आणि कोरीवकाम दिसतच नाही. गेटवे पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला.

उतरल्यावर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, तिकीट आणि ओळखपत्रही लागतं. चाकांची बॅग ओढत फोर्टात फिरायचा विचारही करू नका, फुटपाथचे पेव्हर ब्लॉक जागोजागी उखडलेले असतात. मग काळी-पिवळी टॅक्सी करून थेट गेटवे.

आठच्या सुमाराला तिथे शांतपणे उभं राहता येतं. ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज 1911 साली इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी 1913 ची, काम पुरं झालं 1924 साली. पिवळसर बेसॉल्ट आहे, जाळीकाम गुजराती वळणाचं. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तोही जवळून बघा. एलिफंटाच्या लाँचवाल्यांना मात्र ठाम नाही म्हणा. एकदा बोटीत बसलात की अर्धा दिवस गेला, आणि सोमवारी लेणी बंदच असतात.

कुलाब्यात नाश्ता उरकून सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडताच आत जा. (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जुने टॅक्सीवाले अजून तेच नाव घेतात.) गेटवे आणि हे, दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेटचीच कामं. घुमट बघताना विजापूरचा गोलघुमट आठवतो, तो योगायोग नव्हे. उन्हाच्या वेळी आत असणं हाच इथला मुख्य फायदा, म्हणून किमान अडीच तास द्या. स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या, पुढे रस्त्यावर चांगलं सापडणं कठीण. मोठी पिशवी आत नेता येत नाही.

जेवण काळा घोड्याच्या गल्ल्यांत. जेवून लगेच चालू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडला तर दुपारचा दमटपणा माणसाला गळवतो, तहान लागायच्या आधीच पाणी प्या. माणशी एक लिटर जवळ असू द्या. जहांगीर कला दालन पलीकडेच आहे, थोडा वेळ तिथे काढा.

साडेतीनला ओव्हल मैदान. या फेरीचा गाभा हा आहे, इथे घाई करू नका. मैदान ओलांडणाऱ्या पायवाटेवर मधोमध थांबा. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, 1870 च्या दशकातलं गॉथिक: टोकदार कमानी, दगडी कोरीव चेहरे, आणि प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशांतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर. आता पाठ फिरवा. पश्चिमेला आर्ट डेकोच्या इमारती, गोल कोपरे आणि आडव्या पट्ट्यांच्या सज्जांच्या, बऱ्याचशा 1930 च्या दशकातल्या. दोन्ही रांगांमध्ये साठेक वर्षांचं अंतर. गॉथिक इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. बॅकबे, म्हणजे इथला उपसागर, भरून जमीन काढली आणि डेकोची रांग त्या भरावावर आली. 2018 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो या दोन्ही रांगांना मिळून. नुसते राजाबाईचे फोटो काढून परतणाऱ्यांचं अर्धं बघायचं राहतं, याचं फार वाईट वाटतं. क्रिकेट चालू असतं, पायवाट सोडू नका.

तिथून हुतात्मा चौक. 1864 चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. 21 नोव्हेंबर 1955 ला इथेच गोळीबार झाला. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं तरी थांबावंच. कोणाचे पाय दुखत असतील तर भुयारी मेट्रोचं स्थानक इथेच आहे, सीएसएमटी पुढचंच.

पुढे सेंट थॉमस कॅथेड्रल (1718, चर्चगेट हे नाव याच्यामुळे) आणि हॉर्निमन सर्कल. एकाला फोटो काढायचे असतात, दुसऱ्याला पाट्या वाचायच्या असतात आणि जोडीने चालताना इथेच चुकामूक होते. भेटायची जागा आधीच ठरवा: एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या 30 पायऱ्या. रविवारी आलात तर रस्ते मोकळे मिळतील, पण फोर्टातली बरीच उपाहारगृहं बंद असतात. मला शनिवार बरा वाटतो.

शेवटचा टप्पा डी. एन. रोडने, कमानींच्या खालून. सूर्य मावळायच्या थोडं आधी महापालिकेच्या इमारतीसमोर या. ती आणि समोरची सीएसएमटी दोन्ही वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. दिवे लागेपर्यंत थांबा. मग भुयारी मार्गाने आत जा, पण गाडीच्या किमान पाऊण तास आधी: क्लोकरूमला रांग असते आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे 8 ते 18 फलाट लोकलच्या फलाटांपासून बरेच आत आहेत.