बडोद्यात चॅनेलवाल्या मोठ्या कंपनीचं नेट घरी घ्यावं का?
घ्यायला हरकत नाही, पण चॅनेल फुकट मिळतात म्हणून नव्हे. फायबर, म्हणजे नेटची काचेच्या तंतूची केबल, थेट तुमच्या खोलीत येते का, ते बघून घ्या. रावपुऱ्यात आमच्या वाड्याच्या वायरिंगचं मीच बघतो, म्हणून सांगतो. जुन्या वाड्यांत बऱ्याचदा फायबर जिन्याखालच्या डब्यापर्यंतच येते, वर साधी लॅन केबल ओढतात. गच्चीवरून गेलेली ती केबल उन्हापावसात कडक होऊन तडकली, की कंपनीचं मोठं नाव काही कामाचं नाही. भाव विचारताना 18 टक्के जीएसटी धरा. 399 चा प्लॅन 471 ला पडतो. आणि 100 एमबीपीएस (मेगाबिट) वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट), शंभर नव्हे, कारण आठ बिटांचा एक बाइट (हे विकायला आलेला मुलगा सांगत नाही). ‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते, बऱ्याच प्लॅनांत महिन्याला 3300 जीबी, तिची काळजी नको. मात्र घरून काम करत असाल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. एकच महिना घ्या आणि रात्री आठ-नऊला, सगळी आळी मालिका बघत बसलेली असते तेव्हा, राउटरला वायर जोडून वेग मोजा, वाय-फायवर नको.