स्वतः काढलेल्या निसर्गदृश्यांच्या सायनोटाइप प्रिंट फिकट का येतात?

बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं. सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे फोटो छापायची पद्धत. हा कॉन्टॅक्ट प्रिंटचा प्रकार, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायचं, त्यामुळे निगेटिव्ह प्रिंटच्याच मापाची हवी. फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट ॲडजस्ट करा, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून (म्हणजे निगेटिव्ह करून) पारदर्शक फिल्मवर छापा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची द्रावणं समप्रमाणात मिसळून मंद उजेडात जाड वॉटरकलर कागदावर लावा, अंधारात पूर्ण वाळवा. मग निगेटिव्ह वर ठेवून काचेने घट्ट दाबा आणि उन्हात न्या.

खरी चूक इथे होते. कागद निळा दिसायला लागला की उचलायचा मोह होतो. उचलू नका! गडद भाग राखाडी, जरासे ब्राँझसारखे होऊ द्या, कारण धुताना बराच रंग उतरतो. आधी एका पट्टीवर २-२ मिनिटांच्या टप्प्यांनी चाचणी घ्या. पिवळट झाक जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. वाळल्यावरही निळा रंग साधारण २४ तास गडद होत राहतो, त्यामुळे लगेच निराश होऊ नका.

फोटो निवडताना आकाश बघा. कोरं आकाश म्हणजे नुसता पांढरा कागद. ढग असलेले किंवा एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगांचे फोटो मला यात सर्वात जमतात.