मैदानावरचे प्रश्न : मितोमाच इतका लाडका का?

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबच्या काओरू मितोमा या जपानी फुटबॉलपटूचा भक्त आहे. त्याच्याच देशाचा वातारू एन्दो लिव्हरपूलसारख्या मोठ्या क्लबात गेला, जपानचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं. तरी मुलांच्या तोंडी मितोमाच. असं का? आणि मितोमासारखं ड्रिब्लिंग (चेंडू पायाशी खेळवत समोरच्याला चकवणं) घरच्या घरी शिकता येईल का? (पालक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : एन्दो बचावफळीच्या पुढ्यात खेळतो. समोरच्याचा हल्ला उभाच राहू न देणं हे त्याचं काम, आणि ते मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये दिसत नाही. मितोमा डाव्या कडेला बचावपटूसमोर एकटा असतो. त्याची अख्खी चाल त्या क्लिपमध्ये मावते. त्यात २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध गोलरेषेवरून चेंडू मागे वळवून त्यानं आओ तानाकाला गोल करून दिला, ते छायाचित्र जगभर पोचलं. त्याच्याआधी जपानच्याच शिंजी कागावानं २०१३ मध्ये नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक केली खरी, पण त्याच्यामागे मँचेस्टर युनायटेडसारख्या बड्या क्लबचं नाव होतं. मितोमानं ब्रायटनसारख्या क्लबात राहून नाव कमावलं, म्हणून आम्हाला ते जास्त मोलाचं वाटतं. खुद्द जपानात मात्र बेसबॉलच्या शोहेई ओतानीची सर कुणाही फुटबॉलपटूला नाही.

आता ड्रिब्लिंग. त्सुकुबा विद्यापीठात मितोमाचा प्रबंधच या विषयावर होता. खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे लावून त्यानं पाहिलं, की चांगले ड्रिब्लर चेंडूकडे टक लावत नाहीत, त्यांची नजर समोरच्यावर असते. सरावही तिथूनच सुरू करा.

१५ मीटर लांब, ४ मीटर रुंद पट्टा आखा. मुलगा बारा वर्षांचा आहे, तर चार नंबरचा चेंडू घ्या. उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं, दर पावलाला एक हलका टच. चेंडू एका पावलापेक्षा लांब जाऊ नये. समोर तुम्ही उभे राहा आणि मधेच हाताची बोटं दाखवा. किती बोटं ते त्यानं पळता पळता सांगायचं. हे जमलं की बोटं सोडा, पाय बघायला लावा. तुमचा भार ज्या पायावर पडला तो पाय त्या क्षणी उचलत नाही. चेंडू त्याच पायाच्या बाहेरून काढायचा आणि पुढची चार-पाच पावलं जीव तोडून पळायचं. अशा दहा फेऱ्या पुरेत. दमलेला मुलगा पुन्हा चेंडूकडे बघू लागतो.

बहुतेक मुलं इथेच चुकतात : सुरुवातीपासून पूर्ण वेगानं येतात. मग वेग वाढवायला जागाच उरत नाही आणि बचावपटू निवांत मागे सरकतो. मितोमा आधी संथ येतो, समोरच्याला थांबायला लावतो. दुसरी चूक म्हणजे चार-पाच मीटरवरूनच वळणं. दीड-दोन मीटरपर्यंत जवळ गेल्याशिवाय बचावपटूचा भार हलतच नाही.

बुटांचंही बघा. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी माती दगडासारखी होते. बुटाच्या तळाचे लांब स्टड (खुंट्या) तिच्यात रुतत नाहीत, पाय घसरतो आणि घोटा मुरगळतो. बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज घ्या. लांब स्टड पावसाळ्यातल्या चिखलासाठी ठेवा.

प्रश्न : ब्रायटनचे सामने आपल्याकडे किती वाजता? (विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : इंग्लंडमधला दुपारी ३ चा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ८.३० ला, उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात तेव्हा ७.३० ला. जपानच्या जे-लीगचा संध्याकाळी ७ चा सामना मात्र आपल्याकडे बाराही महिने दुपारी ३.३० लाच, कारण जपानात घड्याळं बदलत नाहीत.