फायटर मासा तळाशी पडून आहे? आधी पाणी बघा

प्रश्न : ताई नमस्कार. मुलाच्या वाढदिवसाला दुकानातून निळा फायटर आणला, तिथे छोट्या प्लास्टिकच्या डबीत होता. घरी काचेच्या गोल बाऊलमधे ठेवलाय, दोनेक लिटर पाणी बसतं. सुरुवातीला छान फिरायचा, आता नुसता तळाशी पडून असतो, शेपटीच्या कडा काळपट आणि फाटल्यासारख्या झाल्यात, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. दुकानदाराने निळं औषध आणि एक पिवळी पावडर दिलीय, दोन्ही रोज घाला आणि पाणी रोज पूर्ण बदला म्हणाला. पाणी आम्ही आरओचंच वापरतो. थंडीही खूप पडलीय. मुलगा सारखा विचारतोय, वाचेल का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाचायची शक्यता चांगली आहे असं मला वाटतं, कारण तो अजून दाणा तोंडात तरी घेतोय आणि सड कडेलाच आहे, अंगापर्यंत आलेली नाही. पण आज दोन्ही औषधं कपाटात ठेवून द्या. पावडर कसली आहे ते तुम्हाला माहीत नाही, ती अँटिबायोटिक असेल तर अंदाजाने अर्धवट देऊन फायदा शून्य, उलट जंतू चिवट होतात. निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू, बुरशीला ते चांगलं आहे पण टाकीतले उपयोगी बॅक्टेरियाही मारतं, आणि तुमच्या माशाचा मुख्य त्रास बुरशी नाहीच.

त्रास आहे पाण्याचा. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, त्यात विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून भर पडते. जुन्या, बसलेल्या टाकीत एक प्रकारचे बॅक्टेरिया या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर वाढतात आणि नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दोन लिटरच्या बाऊलमधे, फिल्टर नसताना, ते कुठे बसणार? त्यामुळे अमोनिया साठतो, कल्ले भाजतात, अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर खराब होतो, आणि एरवी पाण्यात असतातच ते जंतू मग शेपूट खायला लागतात. यालाच फिन रॉट म्हणतात. औषध घातलं तरी पाणी तेच राहिलं तर शेपूट परत सडणार.

दुसरं म्हणजे थंडी. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं आणि उथळ उबदार पाणथळींमधला (थायलंडने 2019 मधे त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलंय). त्याला 25 ते 28 अंश पाणी लागतं. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा कितीदा दहाच्या खाली जातो, छोट्या बाऊलचं पाणी घरातसुद्धा लवकर गार होतं, आणि गार पाण्यात माशाचं पचन, प्रतिकारशक्ती सगळंच मंदावतं. दाणा थुंकतो त्याचं एक कारण हेही असणार.

तर आता असं करा. पंधरा-वीस लिटरचा स्वच्छ टब किंवा टाकी घ्या, साबण कधीही न लागलेली. नळाचं पाणी भरा आणि त्यात अँटिक्लोरिन, म्हणजे क्लोरिन घालवणारे थेंब, घाला, कुठल्याही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं, प्रमाण बाटलीवर असतं. पाणी एक दिवस उघडं ठेवलं तर क्लोरिन उडून जातो हे खरंय, पण काही ठिकाणी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग, वापरतात आणि ते असं उडत नाही, म्हणून थेंब घातलेले बरे. नुसतं आरओचं पाणी बंद करा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, माशाला ते लागतात आणि क्षार नसले की पाण्याचा पीएचही (आंबटपणाची पातळी) टिकत नाही. थर्मामीटर आणि 50 वॅटचा छोटा हीटर घ्या, थर्मोस्टॅटवाला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा. हीटर पाण्यात बुडवून मग पंधरा-वीस मिनिटांनी स्विच चालू करायचा, आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचाच काढायचा, घरात लहान मूल आहे म्हणून मुद्दाम सांगते. मासा एकदम गार पाण्यातून गरम पाण्यात टाकू नका, टबचं पाणी आधी बाऊलइतक्याच तापमानाचं ठेवा, तो आत गेला की मग हळूहळू वाढवा, दर काही तासांनी एखाद अंश.

वर झाकण हवं, पण पाणी आणि झाकणामधे तीन-चार बोटं मोकळी जागा ठेवा. फायटरला कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घ्यायचा एक खास अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला, त्यामुळे तो वर येऊन हवा गिळतो. डबीत जगतो तो यामुळेच, आणि डबीत जगतो म्हणून लोकांना वाटतं की त्याला डबी चालते! आजारी माशाला वरपर्यंत पोहायचे कष्ट नकोत, म्हणून पाणी सध्या कमी उंचीचं ठेवा, वितीएवढं पुरे, फक्त हीटर पूर्ण बुडला पाहिजे. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावलात तर हवा अगदी मंद सोडा, एवढी लांब शेपूट घेऊन त्याला प्रवाहात तोल सांभाळता येत नाही.

रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, त्याच तापमानाचं, अँटिक्लोरिन घालून. पूर्ण पाणी एकदम बदलू नका, त्याचा धक्का बसतो. मीठ घालायचं असेल तर आयोडीन वगैरे काही न मिसळलेलं जाडं मीठ, पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा, आधी मगात विरघळवून मग थोडं थोडं. मीठ उडून जात नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच परत घालायचं, आणि दहा दिवसांच्या पुढे नाही.

आणि एक स्वस्त गोष्ट, जी मला फार आवडते. रस्त्याकडेला जो मोठ्या पानांचा बदाम असतो ना, ज्याची पानं लाल होऊन गळतात, त्याचं आपोआप पडलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्या, धुवा, उकळतं पाणी ओतून थोडा वेळ ठेवा आणि टबमधे सोडा. पाणी चहाच्या रंगाचं होतं, घाबरू नका. त्या पानातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जंतूंची वाढ थोडी दबते आणि मासाही शांत होतो, थायलंडमधले फायटर पाळणारे हे पान कायम वापरतात. फवारणी होते तिथलं किंवा गटाराकाठचं मात्र उचलू नका.

पहिले एक-दोन दिवस खायला देऊ नका, मोठा फायटर तेवढं सहज सहन करतो. मग दिवसातून दोनदा दोन-तीन बारीक दाणे, उरलेलं लगेच काढायचं. फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) मिळाले तर भूक लवकर परत येते. जिवंत ट्यूबिफेक्स किडे नको, ते घाण पाण्यातून गोळा केलेले असतात.

शेपटीच्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा दिसला की समजा नवीन शेपूट येतेय, बरेच जण तीच सड समजतात आणि परत औषध सुरू करतात. पूर्ण भरायला काही आठवडे लागतील. मात्र सड अंगाकडे सरकायला लागली, कापसासारखे पांढरे पुंजके आले, किंवा टॉर्च मारल्यावर अंगावर सोनेरी पूड दिसली तर ते वेगळे आजार, तेव्हा फोटोसकट परत लिहा.

प्रश्न : माझ्या फायटरचं पोट फुगलंय आणि तो तिरका होऊन वर तरंगतो. कोणी म्हणालं हे मरायचंच लक्षण आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी वरून बघा. खवले उभे राहून अंग काटेरी दिसत असेल तर ते ड्रॉप्सी, म्हणजे आत किडनीचं काम बिघडून पाणी साठलंय, आणि त्यातून वाचणारे फार थोडे, हे तुम्हाला खोटं सांगणार नाही. खवले सपाट असतील तर बहुतेक जास्त खाल्ल्याने बद्धकोष्ठ झालंय. फायटरचं पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढं असतं आणि सुके दाणे आत जाऊन फुगतात, घरात चार जण चार वेळा दाणे टाकतात तिथे हे हमखास होतं. दोन-तीन दिवस उपास, पाणी 27 अंशावर, आणि गरज वाटली तर एप्सम सॉल्ट, वीस लिटरला एक चहाचा चमचा विरघळवून. मेडिकलमधे मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मिळतं, नेहमीच्या मिठापेक्षा हे वेगळं. आणि मादी असेल तर अंड्यांनीही पोट गोल दिसतं, खात-पीत असेल तर तिला काही करू नका.

प्रश्न : दुकानात कोपऱ्यातल्या डबीत एक फायटर अगदी मरायला टेकलेला दिसला, घरी आणून वाचवावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची कळकळ कळते. पण तुम्ही पैसे दिलेत की त्या डबीत उद्या दुसरा मासा येतो, दुकानदारासाठी ती नेहमीसारखी विक्रीच. त्यापेक्षा त्याच्याशी बोला, डब्यांमधलं पाणी रोज बदल, थंडीत डब्या उबेला ठेव म्हणावं, जो गिऱ्हाईक नेहमी येतो त्याचं बरेचदा ऐकतात. तरी आणायचाच असेल तर आधी घरी गरम, फिल्टर चालू असलेली रिकामी टाकी तयार पाहिजे. दुसरे मासे असलेल्या टाकीत त्याला सोडू नका, निदान चार आठवडे वेगळा ठेवा आणि जाळी, मग, पाइप सगळं त्याचं वेगळं. टाकी अजून तयार नसेल तर आज रिकाम्या हाताने घरी या, स्पंज फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर दाणे टाका म्हणजे ते कुजून बॅक्टेरियांना अमोनिया मिळेल, आणि महिन्या-दीड महिन्याने पाणी तपासायचं किट घेऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच दुकानात जा.