शेजारच्या शेडचे पत्रे आपल्या बागेत उडून आले तर : भंगारवाल्याला बोलवायच्या आधी हे वाचा

ताई, परवाच्या वळवात शेजारच्या काकांच्या टेरेसवरच्या शेडचे पत्रे, ताडपत्री आणि टाकीचं झाकण तुमच्या बागेत येऊन पडलंय, डाळिंबाचं झाड मोडलंय, काका म्हणतात "बघू की निवांत" आणि तुमचे दीर म्हणतायत भंगारवाल्याला घालून मोकळं व्हा. दिरांचं ऐकू नका. बाकीचं सांगतोच, पण हे पहिलं.

माझं मिरजेकडं फॅब्रिकेशनचं काम आहे. एप्रिल-मेमधे वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन चालू, आणि त्यातले निम्मे फोन पत्रे उडालेल्यांचे नसतात, ज्यांच्या दारात पत्रे पडलेत त्यांचे असतात. तुमचाच प्रश्न सगळ्यांना.

तर वाऱ्यानं आणून टाकली म्हणून वस्तू आपली होत नाही. ती काकांचीच. आपला करार कायदा आहे ना १८७२ चा, त्यात कलम ७१ आहे, दुसऱ्याची वस्तू सापडली आणि तुम्ही ती ताब्यात घेतली तर आपली स्वतःची जशी सांभाळाल तशी सांभाळायची, एवढंच. उचलून भिंतीकडेला नीट ठेवलीत तर त्यात कसलाही गुन्हा नाही, पण मालक कोण हे पक्कं माहीत असताना विकून पैसे खिशात घातले तर भारतीय न्याय संहितेचं ३१४ कलम लागू शकतं. चार किलो भंगारासाठी कोण पोलिसात जातंय म्हणाल, तर जातात हो, विशेषतः आधीच बांधावरून नाहीतर पार्किंगवरून वाकडं असेल तर.

आता हात लावायच्या आधी वर बघा. पत्रा कुठं सर्व्हिस वायरला (खांबावरून घरात येणारी तार) टेकलाय का, झाडात अडकलेली ताडपत्री तारेवर गेलीय का. तसं असेल तर काठीनंसुद्धा ओढू नका, ओली काठी करंट देते. १९१२ ला फोन करा, महावितरणची माणसं येऊन लाईन बंद करूदेत, तोवर पोरं आणि कुत्रं आत. आणि सध्या घरोघरी सोलर झालेत म्हणून मुद्दाम सांगतो, वीज बनवणारं पॅनेल उडून आलं असेल तर वायर तुटलेली असली तरी उन्हात त्यात करंट तयार होतच असतो. काच फुटलेली असेल तर अजून वाईट. बंद घराचं पॅनेल म्हणून निर्धास्त उचलू नका, ज्यानं बसवलंय त्यालाच बोलवा.

मग फोटो. हे लोक नीट करत नाहीत. लांबून एक फोटो काढतात, "बघा किती नुकसान" म्हणून ग्रुपवर टाकतात आणि संपलं. तुम्ही जवळून काढा, आणि खास करून पत्र्याच्या भोकांचे काढा. भोकं कशाला? कारण सगळी गोष्ट तिथं लिहिलेली असते. भोक ओढून लांबट झालंय, कडा फाटल्यात, म्हणजे पत्रा जे-हुकनं (पत्रा खालच्या ट्यूबला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) आवळलेला होता आणि वाऱ्यानं तो उपसून काढला. भोक गोल गरगरीत, जसं ड्रिलनं पाडलं तसंच, वायसरचा डागसुद्धा नाही, म्हणजे तिथं बोल्ट लावलेलाच नव्हता, नुसता वर दगड नाहीतर विटा ठेवून भागवलं होतं (असल्या शेडी सांगलीत किती आहेत ते मोजायला लागलो तर धंदा बाजूला राहील). आणि पत्र्यासकट लोखंडी ट्यूबच आली असेल तर वेल्डिंग गंजून सुटलंय. वारा पत्र्यावर वरून दाबत नाही, कडेनं खाली शिरतो आणि वरून ओढतो, म्हणून कोपऱ्याचा पत्रा पहिला जातो. काकांच्याही कोपऱ्याचेच गेले असणार.

हे का सांगतोय, तर डाळिंबाच्या भरपाईचं सगळं यावर आहे. शेड धड होती आणि वारंच तसलं होतं तर ती निसर्गाची करणी, काकांकडून हक्कानं पैसे मागायला फारसा आधार उरत नाही. पण बोल्ट नव्हते, आणि तुम्ही आधी एकदा "काका पत्रा वाजतोय" म्हणून सांगितलं होतं, तर तो हलगर्जीपणा झाला आणि मग बोलायला जागा आहे. तरी माझं मत विचाराल तर एका डाळिंबासाठी कोर्टाची पायरी चढू नका, नवीन रोप आणि खड्ड्याचा खर्च त्यांनी द्यावा एवढं तोंडी मागा. बहुतेक माणसं देतात, लाजेखातर का होईना.

अजून एक, "आधी झाडाचे पैसे द्या मग पत्रे न्या" हे चालत नाही. वस्तू सांभाळायला, हलवायला जो खर्च आला तो मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायची सोय त्याच करार कायद्यात आहे, कलम १६८, पण झाडाचं नुकसान त्यात बसत नाही. तो हिशोब वेगळा.

पत्रे उचलताना हातमोजे आणि बूट घाला, दोन माणसं लावा. दहा फुटी पत्रा वजनाला फार नसतो, पण वारा सुटला की तो माणसाला फिरवतो. कडा ब्लेडसारख्या असतात, गंजलेल्यानं कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सिमेंटचा पत्रा असेल तर तोडून लहान करायच्या भानगडीत पडू नका, त्यात ॲसबेस्टॉस असतं आणि धूळ छातीत जाते, पाणी मारून ओला करा आणि आहे तसा उचला. कडेला आडवे ठेवा, वर दगड ठेवा, नाहीतर पुढच्या वळवात ते तिसऱ्याच्या दारात. ताडपत्री झटकून घडी घाला, पाणी साठून डास होतात.

एक थांबायचं कारणही आहे. काकांच्या घराचं मोठं नुकसान झालं असेल आणि सरकारी मदतीसाठी पंचनामा व्हायचा असेल तर तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बघेपर्यंत पत्रे कुठं जाऊ देऊ नका, तलाठ्याला विचारून मगच हलवा. उद्या "तुम्ही पुरावा गायब केला" ऐकायला नको.

आणि काकांना तोंडी सांगितलंय ते पुरेसं नाही. व्हॉट्सॲपवर फोटोसकट साधं टाका: "काका, तुमचे पत्रे, ताडपत्री आणि झाकण आमच्या बागेत आहे, नीट ठेवलंय. रविवारी सकाळी माणसं घेऊन या, आम्ही घरी आहोत. त्यानंतर पावसानं काही झालं तर आमची जबाबदारी नाही." असं. दिवस आणि वेळ घाला, "सवडीनं" लिहू नका, सवड त्यांच्याकडं आहेच. ते आपणहून गेटमधून शिरायला लागले तर "सांगून या" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण उगाच अडवूही नका, वस्तू त्यांची आहे. रविवार गेला, तरी आले नाहीत, तर पुन्हा एकदा लेखी, मग सोसायटीचा चेअरमन नाहीतर नगरसेवक मधे घाला. खेडेगावात असता तर तंटामुक्ती समितीत अर्ध्या तासात मिटलं असतं.

खाली एकानं विचारलंय, पत्रा अंगणातल्या गाडीवर पडला तर? गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. फुल असेल तर वादळाचं नुकसान त्यात धरतात, फक्त गाडी गॅरेजला न्यायच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवा, पत्रा गाडीवर असतानाचा.